तोरले

पाटीवर नाव होतं श्री. तोरले.
खरं ते तोरलाइफ, पुढे आणखी एक लांबलचक,
पण गॅस एजन्सीच्या फॉर्मातले चौकोन संपले
आणि दांडिया बाजारात लोक विचारू लागले,
तोरले म्हणजे कुठले? कोकणातले का?
त्यालाही ते आवडलं असावं.
समुद्राकाठचेच, म्हणायचा.
जरा वरच्या अंगाला.

वास्तविक त्याने गुजराती शिकायला हवी होती.
पण खोली मिळाली बोंद्र्यांच्या माडीवर
आणि खाली मी, शाळेतून नुकतीच सुटलेली.
बुधवार-शनिवार, साडेचार ते साडेपाच.
पैसे नकोत म्हटलं, तर जाताना
टेबलावर मासळीचा डबा ठेवून जायचा.
मी तो मांजराला घालत होते.
हे त्याला कधी कळलं नाही.
किंवा कळलं होतं.

शेवटचं जहाज त्यानंच अलंगला आणलं.
पौर्णिमेच्या भरतीला, पुऱ्या वेगात,
सरळ चिखलात घुसवायचं असतं म्हणे,
परत निघणार नाही अशा बेतानं.
"एकतीस वर्षं मी काठ चुकवला, बाई,
त्या दिवशी काठावरच नेम धरला."
हे वाक्य जुळवायला त्याला तीन बुधवार लागले.
मी फक्त 'धरला'चं लिंग तपासलं.

मग पगाराची भांडणं, भावनगरात सात महिने, हिवताप.
मुंबईची गाडी धरायला बडोद्याला उतरला
आणि स्टेशनमागच्या खाणावळीत
जेवायला बसला तो आपल्याच बाकावर.
खाली चाचपडून पाहिलं, नंबर होता.
ताटात कढी आली. गाडी गेली.
इतकंच, म्हणायचा, दुसरं कारण नाही.
त्याच्या बहिणीचं पत्र आलं की मात्र
दोन दिवस धड्याला उतरत नसे.

जहाज नपुंसकलिंगी, मी सांगितलं. ते जहाज.
तो हट्टाला पेटला: ती.
होडी ती, नाव ती. हवं तर बोट म्हणा, ती बोट.
"बोट म्हणजे हे ना?" त्यानं तर्जनी वर केली,
म्हणजे तर्जनीचं जेवढं उरलं होतं तेवढं.
ते बोट, मी म्हटलं. आणि ती बोट.
बराच वेळ बघत राहिला स्वतःच्या हाताकडे.
मग एकेक शब्द ठेवत, न चुकता:
ते बोट त्या बोटीत गेलं.
मी शाबास म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

विश्वामित्री गल्लीत शिरली त्या वर्षी
जिन्याच्या पाचव्या पायरीला पाणी,
बँकेच्या ओट्यावर सुसर येऊन पडलेली,
बोंद्र्यांचे फ्रिजसकट सगळे माडीवर.
आणि सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे. कॅप्टन होता ना.
तो लुंगी सावरत खाली उतरला,
अर्धं बोट पाण्यात बुडवलं, जिभेला लावलं.
अळणी, म्हणाला,
आणि वर जाऊन झोपला.

परवा त्याची वही बोंद्र्यांच्या सुनेनं आणून दिली.
गृहपाठ अर्धाच. दहा वाक्यं भविष्यकाळात,
त्यानं सहा केली.
मी दही आणीन. बाई रागावतील.
मांजर डबा खाईल.
(म्हणजे कळलं होतं.)
लाल पेन शोधत सहाव्यापाशी आले:
जहाज येईल.

तो येईल, ती येईल, ते येईल.
भविष्यकाळात लिंग दिसत नाही
हे मी शिकवायची राहिले होते.
बरोबरची खूण केली,
तारीख घालायला कॅलेंडर पाहिलं.
शनिवार होता. साडेचार वाजून गेले होते.